आधी काय झालं, मग काय झालं: घटनांच्या नोंदींतून संबंध शोधायला शिकताना

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं नाशिक क्युसेकमध्ये बोलायला लागतं. "किती सोडलंय?" हा पहिला प्रश्न आणि "मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?" हा दुसरा. रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती ही गोदावरीच्या पुराची आपली जुनी मोजपट्टी: गुडघे, कंबर, छाती. भांडी बाजारातला दुकानदार धरणाचा आकडा ऐकतो आणि खालच्या फळीवरचा माल आत्ताच उचलायचा की जेवून, ते ठरवतो. त्याच्या डोक्यात दोन घटना असतात, त्यांच्यातलं तासांचं अंतर असतं आणि 'इतकं सोडलं की इतकं चढतं' हा कित्येक पावसाळ्यांचा हिशेब असतो.

एकमेकांशी जोडलेल्या घटना शोधायच्या आणि पुढची घटना आधी सांगायची, यासाठी मशीन लर्निंगमध्ये, म्हणजे नोंदींवरून संगणकाला शिकवण्याच्या शास्त्रात, ज्या पद्धती आहेत त्या हाच हिशेब करतात. दुकानदार दोन घटना सांभाळतो, संगणक दोनशे सांभाळतो. पण दुकानदाराला घटना म्हणजे काय हे नीट ठाऊक असतं. संगणकाला ते तुम्ही सांगायचं असतं. नव्या माणसाची गाडी अडते ती बहुतेक इथेच.

मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. मशीनांचे अलार्म आणि बिघाड यांचा संबंध लावायचा म्हणून हे सगळं शिकलो, त्यामुळे उदाहरण तिथलंच घेतो. तुमच्याकडे द्राक्षबागेच्या फवारणीची डायरी असो किंवा दवाखान्यातली नोंदवही, पायऱ्या त्याच.

पायरी १: घटना ठरवा

'पाणी वाढलं' ही घटना नव्हे. 'होळकर पुलापाशी पातळीने अमुक रेषा ओलांडली, सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी' ही घटना. तिला ठरलेली वेळ लागते, ठरलेलं नाव लागतं आणि ती कुठे घडली ते लागतं. तेव्हा तक्त्यात सुरुवातीला तीनच रकाने ठेवा: वेळ, ठिकाण किंवा मशीन, घटनेचं नाव. बाकी हौस नंतर.

आमच्याकडे दोन स्रोत होते. एक, मशीनच्या कंट्रोलरमधली अलार्मची यादी. ती मर्यादित असते, नवे अलार्म आले की जुने पुसले जातात, म्हणून दर आठवड्याला उतरवून घ्यावी लागते. दुसरा, ब्रेकडाउन रजिस्टर. तेलकट बोटांचे ठसे असलेलं, लाल कापडी पाठीचं, आणि आत निम्म्या पानांवर एकच मजकूर: 'मशीन बंद. पाहिले. चालू.' काय पाहिले, ते देव जाणे. लिहिणाऱ्याला दोष नाही, रात्री अडीच वाजता काळ्या हातांनी कोण निबंध लिहील? त्यावर उपाय म्हणून आम्ही बारा नेहमीच्या बिघाडांची यादी छापून रजिस्टरला चिकटवली आणि फक्त क्रमांक लिहायला सांगितलं. या एका कागदाने जेवढं काम झालं तेवढं पुढच्या कुठल्याच प्रोग्रामने झालं नाही.

पायरी २: घड्याळं जुळवा

संबंध शोधायचा म्हणजे आधी कोण आणि नंतर कोण हे बघायचं. मग घड्याळच चुकलं तर कार्याला कारण आणि कारणाला कार्य म्हणाल. आमच्या एका मशीनचं घड्याळ चाळीस मिनिटं मागे होतं. त्यामुळे वीज गेल्याची नोंद आणि त्या मशीनचा अलार्म जुळवला की अलार्म आधी आणि वीज नंतर गेलेली दिसे. दोन दिवस मी खूश होतो की आमचं मशीन वीज जाणार हे आधीच ओळखतं.

दुसरी चूकही माझीच. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतल्या पांडास या तक्ते हाताळणाऱ्या संचाने तारखा वाचताना दिवस आधी आहे हे सांगायचं मी विसरलो. ०५/०६ म्हणजे आपल्यासाठी पाच जून. त्याने वाचली सहा मे. खरी गंमत पुढे आहे: तेरा तारखेपासून पुढच्या तारखा बरोबर वाचल्या गेल्या, कारण तेरावा महिना नसतोच. म्हणजे प्रत्येक महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतल्या नोंदी वर्षभर विखुरल्या आणि उरलेल्या जागेवर राहिल्या. नव्या आवृत्त्या अशा वेळी तक्रार करतात, जुन्या गुपचूप पुढे जात. तारीख वाचताना तिचा साचा स्वतः लिहून द्या, आणि लगेच प्रत्येक महिन्यात किती नोंदी आल्या ते मोजून बघा. उलटापालट झाली असेल तर तिथेच कळते.

पायरी ३: बडबड कमी करा

दाब मोजणारा स्विच सीमारेषेवर असला की तोच अलार्म दोन मिनिटांत तीस वेळा वाजतो. त्या तीस घटना नव्हेत, एकच आहे. नियम ठेवा: तोच अलार्म त्याच मशीनवर दहा मिनिटांच्या आत पुन्हा आला तर तो आधीचाच धरायचा. दहा की पाच, हे मशीनवर काम करणाऱ्याला विचारून ठरवा.

काही घटना मुळात मागून येणाऱ्या वरातीसारख्या असतात. इमर्जन्सी स्टॉप दाबला की पाठोपाठ सात-आठ अलार्म आपोआप येतातच. त्यांच्यातला संबंध शोधून काढलात तर तुम्ही मशीन बनवणाऱ्याचीच वायरिंग शोधून काढलीत. ते अलार्म आधीच वगळा.

पायरी ४: आधी हातावर मोजा

इथे घाई करू नका, सगळा अर्थ याच पायरीत आहे. पुढचे आकडे हिशेब सोपा जावा म्हणून गोल घेतले आहेत.

समजा दोनशे दिवसांच्या, दिवसाला तीन अशा ६०० शिफ्ट आहेत. 'हवेचा दाब कमी' हा अलार्म ६० शिफ्टमध्ये आला. 'टूल बदलताना अडकलं' हा बिघाड ४० शिफ्टमध्ये (टूल म्हणजे मशीनमधलं धातू कापायचं हत्यार). दोन्ही एकाच शिफ्टमध्ये असं २० वेळा. मग हवेचा अलार्म आला तेव्हा टूल अडकण्याचं प्रमाण ६० पैकी २०, म्हणजे ३३ टक्के. एरवी सरसकट टूल अडकण्याचं प्रमाण ६०० पैकी ४०, म्हणजे ६.७ टक्के. ३३ ला ६.७ ने भागा: पाच. हवा कमी झाली की टूल अडकण्याची शक्यता नेहमीच्या पाचपट होते. या पहिल्या प्रमाणाला कॉन्फिडन्स म्हणतात, पटीला लिफ्ट, आणि दोन्ही मिळून किती वेळा आलं, म्हणजे ६०० पैकी २०, त्याला सपोर्ट.

आता एक फसवं उदाहरण. 'दार उघडं' हा अलार्म रोजचाच, ४८० शिफ्टमध्ये आला. टूल अडकलेल्या ४० शिफ्टपैकी ३४ मध्ये तोही होता. ८५ टक्के! नवा माणूस इथे उडी मारतो. पण दाराचा अलार्म एरवीही ८० टक्के शिफ्टमध्ये असतोच. ८५ भागिले ८०, लिफ्ट जेमतेम १.०६. म्हणजे काहीच संबंध नाही. एकट्या कॉन्फिडन्सवर विश्वास ठेवला की असंच होतं. भेटेल त्या नाशिककराला 'मिसळ खाता का?' विचारून त्यावरून त्याचा धंदा ओळखण्यासारखं.

ही मोजणी शेकडो घटनांसाठी झटपट करायची पद्धत म्हणजे अप्रायोरी. राकेश अगरवाल आणि रामकृष्णन श्रीकांत यांनी ती १९९४ मध्ये मांडली, दुकानातल्या पावत्यांवर: कोणत्या वस्तू एकत्र घेतल्या जातात ते शोधायला. तिची युक्ती सोपी आहे. एखादी घटना एकटीच क्वचित घडत असेल, तर तिच्यासकट बनलेली कुठलीही जोडी त्याहून जास्त वेळा घडू शकत नाही. मग त्या जोड्या मोजायच्याच नाहीत. पायथनमध्ये एमएलएक्सटेंड या मोफत संचात ती तयार मिळते.

पायरी ५: शिफ्टऐवजी खिडकी

पावतीवर साखर आधी की चहा आधी याने फरक पडत नाही. घटनांमध्ये सगळा फरक त्यानेच पडतो. शिफ्टचा डबा वापरला की दोन गोची होतात: टूल आधी अडकून हवा नंतर कमी झाली असली तरी ती जोडी मोजली जाते, आणि शिफ्ट संपता संपता एक घटना व बदलल्यावर दुसरी घडली तर तीच जोडी सुटते.

म्हणून प्रत्येक हवेच्या अलार्मनंतर तीस मिनिटांची खिडकी उघडा आणि तिच्यात टूल अडकलं का ते बघा. पांडासमध्ये मर्ज अ‍ॅसऑफ नावाची सोय आहे. ती प्रत्येक घटनेला तिच्या लगतच्या आधीच्या दुसऱ्या घटनेशी जोडून देते आणि कमाल अंतरही ठरवता येतं. वेळेने लावलेल्या यादीवर सरकत्या खिडकीतून वारंवार येणारे क्रम शोधायची पद्धत हेलसिंकी विद्यापीठात हाइक्की मानिला आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये सविस्तर मांडली. त्यांच्यासमोर टेलिफोन जाळ्यांतले अलार्म होते, म्हणजे आपलंच दुखणं.

समजा हवेचे ९० अलार्म होते आणि त्यापुढच्या अर्ध्या तासात २७ वेळा टूल अडकलं. हे जास्त की कमी? टूल एकूण ५० वेळा अडकलं, आणि दोनशे दिवसांत ९,६०० अर्धे तास असतात. कुठलेही ९० अर्धे तास उचलले तर त्यांत अर्धी घटनाही सापडायला नको. २७ पुष्कळ झाले. फक्त एक लक्षात ठेवा: मशीन बंद असतानाचे तास या भागाकारात धरू नका, नाहीतर प्रत्येक संबंध आहे त्याहून दांडगा दिसतो.

पायरी ६: योगायोग वगळा

पन्नास प्रकारच्या घटना असतील तर 'ही आधी, ती नंतर' अशा ५० गुणिले ४९, म्हणजे २,४५० जोड्या होतात. 'निव्वळ योगायोगाने असं दिसण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी असेल तर संबंध धरा' ही नेहमीची कसोटी लावलीत तर काहीही संबंध नसताना सव्वाशेच्या आसपास जोड्या 'सापडतील'. त्यातली एखादी इतकी रंजक असेल की तुम्ही ती चहाच्या टपरीवर सांगत सुटाल.

यावर मला सगळ्यात आवडलेली युक्ती अशी: हवेच्या अलार्मची अख्खी यादी काही दिवसांनी पुढे सरकवा, कधी तीन, कधी सतरा, कधी एकेचाळीस, आणि शेवटच्या तारखेपलीकडे गेलेल्या नोंदी सुरुवातीला आणून जोडा. टूलची यादी जागेवर. पुन्हा जोड्या मोजा. असं शक्य तितक्या वेगवेगळ्या सरकवण्यांनी करा. खऱ्या यादीत २७ आणि सरकवलेल्या कुठल्याच यादीत पाचाच्या वर नाही, तर योगायोगाचं नाव सोडा. पूर्ण दिवसांनी सरकवायचं कारण असं की शिफ्टची लय, जेवणाची सुट्टी, रात्रीची मरगळ तशीच राहते आणि फक्त त्या दोन घटनांमधला धागा तुटतो.

हा आकडा घेऊन मी आमच्या जुन्या फिटर काकांकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "हवा कमी झाली की टूल सुटत नाही, हे मला विचारलं असतंस तर एका चहात सांगितलं असतं. तीन आठवडे काय करत होतास?"

खरं होतं. आमच्या मशीनांवर टूलची पकड हवेच्याच जोरावर सुटते. पण त्याच तक्त्यात एक गोष्ट काकांनाही ठाऊक नव्हती: हे २७ प्रसंग बहुतेक शिफ्ट संपायच्या शेवटच्या वीस मिनिटांतले होते.

पायरी ७: तिसरा माणूस शोधा

दोन घटना जोडीने येतात तेव्हा तिसरी कुठे लपली आहे का ते बघायचं. मी शिफ्ट सुटताना शेडमध्ये जाऊन उभा राहिलो. पावणेतीनला सगळ्या ऑपरेटरनी एकदम एअर गन उचलल्या आणि मशीनवरचा धातूचा कीस उडवायला सुरुवात केली. कंप्रेसरचा काटा डोळ्यांदेखत खाली आला. अलार्म, अडकलेलं टूल, दोन्हींचं मूळ ती साफसफाई. कुठल्याच कंट्रोलरमध्ये तिची नोंद नव्हती, त्यामुळे कुठल्याच पद्धतीला ती सापडली नसती.

कांद्याच्या भावांवर असाच प्रयोग करणाऱ्या एका मित्राला अमावास्येनंतर भाव हलतात असं दिसलं होतं. जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत अमावास्येला लिलाव बंद ठेवायची पद्धत वर्षानुवर्षं होती. बंद दिवसानंतर साचलेली आवक एकदम आली तर भावावर परिणाम होणारच. त्यात चंद्राचा काय संबंध? बंद दिवसांचा वेगळा रकाना केला आणि अमावास्येची जादू संपली.

क्लाइव्ह ग्रेंजर यांनी १९६९ मध्ये मांडलेली 'ग्रेंजर कॉझॅलिटी' ही कसोटी इथे पुष्कळ जण वापरतात: पहिल्या मालिकेचा भूतकाळ घेतल्याने दुसरीचा अंदाज सुधारतो का, एवढंच ती विचारते. उपयोगी आहे, पण तिच्या नावात कारण (कॉझ) हा शब्द असला तरी लपलेला तिसरा माणूस तिलाही दिसत नाही.

पायरी ८: आता भाकीत

प्रश्न असा लिहून काढा: 'शिफ्ट सुरू होताना, मागच्या २४ तासांत जे घडलं त्यावरून, या शिफ्टमध्ये स्पिंडलचा मोठा बिघाड होईल का?' (स्पिंडल म्हणजे टूल धरून फिरवणारा दांडा.) मागच्या २४ तासांतून खुणा काढा: प्रत्येक अलार्म किती वेळा आला, शेवटचा येऊन किती तास झाले, शेवटची देखभाल कधी झाली. आणि प्रत्येक शिफ्टपुढे हो किंवा नाही.

सुरुवात लॉजिस्टिक रिग्रेशनने करा, म्हणजे प्रत्येक खुणेला वजन देऊन त्यांच्या बेरजेवरून शक्यता काढणाऱ्या पद्धतीने. कुठल्या खुणेला किती वजन दिलं ते त्यात उघड दिसतं आणि सुपरवायझरला समजावता येतं. मग लिओ ब्रायमन यांचं २००१ चं रँडम फॉरेस्ट: 'असं असेल तर हो, तसं असेल तर नाही' अशा पुष्कळ निर्णयवृक्षांचं मतदान. दोन्ही पायथनच्या सायकिट-लर्न या संचात आहेत. एक घटना घडली की पुढच्या घटना काही काळ जास्त संभवतात आणि मग जोर ओसरतो, भूकंपानंतरच्या धक्क्यांसारखा, असा प्रकार असेल तर १९७१ मधली हॉक्स प्रक्रिया वाचा. भरपूर उदाहरणं लागणाऱ्या न्यूरल नेटवर्कच्या वाटेला सध्या जाऊ नका. वर्षाला बारा बिघाड घडणाऱ्या मशीनवर ते काय शिकणार? दर खुणेमागे निदान दहा-एक घटना हव्यात असा जुना ठोकताळा आहे. त्या हिशेबाने बारा बिघाडांत एका खुणेपुरतंच भांडवल असतं. एकाच जातीच्या मशीनांच्या नोंदी एकत्र करून ते वाढवता येतं.

तपासणी वेळेनुसार करा. जानेवारी ते ऑगस्टवर शिकवा, सप्टेंबर-ऑक्टोबरवर परीक्षा घ्या. पत्ते पिसल्यासारख्या शिफ्ट मिसळून निम्म्या इकडे निम्म्या तिकडे केल्या तर मंगळवार शिकवलेला असतो आणि सोमवार परीक्षेला येतो. सायकिट-लर्नमधलं टाइम सिरीज स्प्लिट यासाठीच आहे.

माझं पहिलं मॉडेल, म्हणजे नोंदींवर शिकून अंदाज सांगणारा प्रोग्राम, ९७ टक्के बरोबर आलं होतं. मी पेढे आणायच्या बेतात होतो. कारण शोधलं तर एक खूण होती 'स्टोअरमधून बेअरिंग घेतलं'. बेअरिंग स्टोअरमधून निघतं ते स्पिंडल बिघडल्यावरच. नोंद मात्र तारखेपुरतीच होती, म्हणून ती शिफ्टच्या आधीची समजली गेली. उत्तरपत्रिका प्रश्नपत्रिकेतच टाचलेली होती. प्रत्येक खुणेला एकच प्रश्न विचारा: भाकीत करायच्या क्षणी हे मला खरंच ठाऊक असतं का?

टक्केवारीही जपून वापरा. समजा परीक्षेच्या दोन महिन्यांत १८० शिफ्ट, सगळ्या मशीनांचे मिळून बिघाड ९. 'कधीच काही होणार नाही' असं सांगणारा ज्योतिषी ९५ टक्के बरोबर ठरतो. त्याऐवजी दोन आकडे लिहा. समजा मॉडेलने १४ वेळा इशारा दिला आणि त्यातले ६ खरे निघाले. म्हणजे इशाऱ्यांतले ४३ टक्के खरे, आणि ९ पैकी ६ म्हणजे ६७ टक्के बिघाड पकडले. यांची नावं प्रिसिजन आणि रिकॉल. शेजारी एका साध्या नियमाचेही आकडे ठेवा, उदाहरणार्थ 'ओव्हरलोडचा अलार्म आदल्या दिवशी तीनदा आला की इशारा'. त्या नियमाने १३ इशाऱ्यांत ५ पकडले असतील, तर तुमच्या मॉडेलची खरी कमाई एक बिघाड. तो एक बिघाड महागाचा असला तर ठेवा मॉडेल. नाहीतर नियमच भिंतीवर लावा.

पायरी ९: इशारा कुणाच्या हातात?

आम्ही इशारे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायला लागलो. पहिल्या आठवड्यात सगळ्यांचे अंगठे आले, तिसऱ्या आठवड्यात ग्रुप म्यूट. आता इशारा एकाच माणसाला जातो आणि त्यात काम लिहिलेलं असतं: 'मशीन ४, स्पिंडलचं तापमान आणि आवाज बघा, दहा मिनिटं.' बघून काय आढळलं ते त्याने परत लिहायचं.

ते परत लिहिणं अडून बसून करून घ्या. इशारा आला, फिटरने जाऊन वेळीच दुरुस्त केलं, बिघाड झालाच नाही. तर तक्त्यात तो इशारा खोटा म्हणून मोजला जातो. मॉडेल जितकं कामाला येईल तितकं ते कागदावर वाईट दिसेल. म्हणून 'इशारा, गेलो, हे केलं' हीसुद्धा वेळेसकट एक घटना म्हणून नोंदवायची.

मशीनमध्ये किंवा आजूबाजूला झालेल्या बदलांचंही तसंच. आमच्याकडे नंतर हवेची मोठी टाकी बसली आणि ऑपरेटरनी आळीपाळीने सफाई करायचं ठरलं. हवा आणि टूल यांचा तो पाचपटीचा संबंध जवळपास दिसेनासा झाला, पण जुन्या महिन्यांवर शिकलेलं मॉडेल त्याच्यावर भिस्त ठेवूनच बसलं होतं. टाकी कोणत्या दिवशी बसली ते मला बिलावरून शोधावं लागलं, कारण रजिस्टरमध्ये त्या दिवशी लिहिलं होतं: 'काम झाले.'